मोजणीकाकांचं कांद्याचं लोणचं

माझी दहावीची मार्कलिस्ट वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि कापडी पिशवी छातीशी धरून भोकरहून लातूरपर्यंत एसटीने आणली होती. त्या काळात लातुरात घरमालकसुद्धा टक्के विचारूनच खोली देत. ऐंशीच्या वर असाल तर खिडकीची खोली, खाली असाल तर मोरीशेजारची. पण आम्ही ज्या दारात उभे राहिलो तिथल्या गृहस्थांनी मार्कलिस्ट हातातसुद्धा घेतली नाही. ते आत गेले, दोन कांदे घेऊन आले, मला डोळे मिटायला सांगितले आणि एकामागून एक दोन्ही माझ्या नाकाशी धरले. यातला कुठला खाशील, असं विचारलं. मी म्हणाले, पहिला, दुसऱ्याला वासच नाही.

"दिली खोली," ते वडिलांना म्हणाले. "पोरगी जगंल."

दुसरा होता कोळकांदा. तो बांधावर आपोआप उगवतो, दिसायला हुबेहूब कांदा, आणि खाल्ला तर माणूस आडवा होतो. मोजणीकाकांचा सगळ्या जगाशी वागण्याचा नियम या दोन कांद्यांतून निघालेला होता: वास न्हाई, तर घास न्हाई. नव्या क्लासची जाहिरात दारात पडली की ते तिच्याकडे बघून हेच म्हणायचे. पुढाऱ्याच्या भाषणाला हेच, आणि मी केलेल्या पहिल्या वरणालाही हेच. वडील मात्र भोकरला परत जाईपर्यंत काळजीत होते. आपण पोरीला डॉक्टर करायला आणलंय की भाजी निवडायला, असा त्यांना प्रश्न पडला होता. पुढे जे झालं ते पाहता त्यांची शंका रास्त होती.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. तीस वर्षं सरकारी साखळी घेऊन त्यांनी तालुक्यातली शेतं मोजली होती, म्हणून ते मोजणीकाका. आता साखळी सुटली होती, पण मोजणी सुटली नव्हती. डावं-उजवं हे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. जेवताना "भाकर जरा उगवतीला सरकव" म्हणायचे. एकदा मी घाईत वेणी घालून निघाले तर दारातून हाक आली, की भांग वायव्येला चाललाय. आम्ही दोघी भाडेकरू, मी आणि माझी देवणीची मैत्रीण, पहिल्या महिन्यात सारख्या सूर्याकडे बघून ताटं वाढायचो.

लातूर तेव्हा महिन्याला एक शेत गिळत होतं. काल जिथे तूर होती तिथे आज पत्र्याचं शेड, आणि शेडवर बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. काकांना फोटो दिसत नसत, खालची जमीन दिसे. मी केमिस्ट्रीला निघाले की म्हणायचे, "म्हंजी त्या चिबाड रानात. पानी धरतंय ते. पाय संभाळ." मी हसायचे. मग भाद्रपदात दोन दिवस पाऊस लागला, क्लासमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं आणि सरांनी टेबलावर उभं राहून मोल संकल्पना शिकवली. त्या दिवसापासून कुठल्याही नव्या क्लासला नाव घालण्यापूर्वी आम्ही काकांना जमीन विचारायला लागलो. फिजिक्सचं रान निचऱ्याचं निघालं, पण शिकवणं चिबाड होतं. त्याला काका तरी काय करणार?

त्यांच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बरण्या. पुढच्या व्हरांड्यात त्यांनी विटांचा वाफा करून त्यात वाळू भरली होती आणि त्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या चिनी मातीच्या चाळीसेक बरण्या होत्या. तोंडाला पांढऱ्या फडक्याचे दादरे बांधलेले. अंधारात बाहेर यायचं म्हटलं की आमच्या नाकी नऊ यायचे. प्रत्येक बरणीला चिठ्ठी होती: गट नंबर, बांधाची दिशा, मातीचा रंग आणि शेवटी शेरा. सगळ्या बरण्यांत एकच पदार्थ होता, कांद्याचं लोणचं. आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच शेरा होता, "पोटखराब." सातबाऱ्यावर नापीक तुकड्याला हा शब्द लावतात. काकांनी तो लोणच्याला लावला होता.

हे काय चाललंय, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. लपवाछपवीचा त्यांचा स्वभाव नव्हता. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कांद्याचं लोणचं घालायच्या ते बाजारच्या कांद्याचं नाही, सरव्याच्या कांद्याचं. कांदा काढून नेला तरी बारके कांदे मातीत राहतात, पाऊस पडला की पुन्हा फुटतात, पाटाच्या कडेला हिरवीगार पात दिसते. शेतमालक ते वेचणाऱ्याला अडवत नाही. मागे राहिलेलं ज्याला लागेल त्याने न्यावं, हाच सरवा. काकू दुपारी पिशवी घेऊन शिवारात जायच्या आणि चार-सहा दिवसांनी ताटात लोणचं यायचं. आंबट, तिखट, मागून किंचित गोड. काका सांगताना जीभ टाळूला लावून थांबायचे.

काकू भूकंपाच्या आदल्या वर्षी गेल्या. शेवटची बरणी फळीवर राहिली होती. काका त्यातला आठवड्याला एक कांदा खायचे, एकच. मग भूकंपाची ती पहाट आली. लातुरातलं हे घर हाललं पण पडलं नाही. भिंतींना तडे गेले आणि फळीवरून एकच वस्तू खाली आली.

"तिकडं गावंच्या गावं मातीत गेल्ती," काका म्हणाले. "लोकं लेकरं उकरून काढत हुती. मी कुणाला सांगू, माझी बरणी फुटली म्हनून?"

त्यांनी सांगितलं नाही. सगळं वर्ष ते नव्या गावठाणांची मोजणी करत हिंडले, घरं गेलेल्यांना प्लॉट आखून दिले आणि बरणीचं अवाक्षर काढलं नाही. मग निवृत्त झाले, घरी आले आणि कांदे शोधायला लागले. आधी मला हसू आलं होतं. हे ऐकल्यावर जरा वेळ आलं नाही.

लोणच्याची कृती त्यांच्याकडे होती. काकू अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांनी ती विचारून मोजणीच्या वहीत उतरवून घेतली होती, मीठ-मोहरी सगळं ग्रॅममध्ये. घाण्याचं करडईचं तेल, तेही ठरलेलं. तरी चव येत नव्हती. मोजणी खात्यातल्या माणसाने मग डोकं चालवलं, की मसाला तोच, तेल तेच, तर राहिली माती. काकू नेमक्या कुठल्या रानात जायच्या तेवढं शोधायचं. म्हणून जवळच्या सगळ्या शिवाराचा नकाशा भिंतीवर लागला, आणि एकेका गटातला कांदा एकेका बरणीत.

"साऱ्या तालुक्याला हद्दी दाखवल्या मी," एकदा ते नकाशासमोर उभं राहून म्हणाले. "घरातली बाई कुठल्या रानात जाती, एवढं इचारलं न्हाई."

रविवारी आम्ही दोघी त्यांच्याबरोबर सरवा वेचायला जायचो. पुस्तकापासून सुटका, हे खरं कारण. पण त्यात वेगळीच अडचण यायची. ते दिवसच असे होते, की शेतात वही घेतलेला माणूस दिसला की तो प्लॉटिंगवाला. एकदा एक शेतकरी लांबून धावत आला आणि रस्त्याकडची बाजू किती चांगली आहे ते दाखवायला लागला. काका म्हणाले, मला जमीन नको, पाटाकडचे बारके कांदे हवेत. त्या माणसाचा चेहराच पडला. शेजारच्याचं रान एवढं मोठं गिऱ्हाईक येऊन बघून गेलं आणि आपल्याकडे माणूस कांद्यासाठी आला, हा त्याला अपमान वाटला. त्याने आम्हाला कांदे दिले, पण चहा दिला नाही.

पुढच्या रविवारी अकरा वाजता चाखणी. आम्ही दोघी ओळीने बसायचो, ज्वारीच्या भाकरीवर एकेका नंबरचं लोणचं यायचं आणि काका वही उघडून विचारायचे. आम्ही काकूंचं लोणचं जन्मात खाल्लेलं नव्हतं, तेव्हा आमची साक्ष काय कामाची, हे मी विचारून पाहिलं. ते म्हणाले, पंचनाम्याला दोन पंच लागतात. आम्ही म्हणायचो जास्त आंबट, कमी आंबट. शेवटी ते स्वतः खायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. "जवळ हाय. पर हे ते न्हाई." मग शेरा. माझी मैत्रीण आज डॉक्टर आहे आणि कांद्याला शिवत नाही.

आता शेजारच्या मावशींबद्दल सांगायला हवं. त्या खाणावळ चालवायच्या आणि आमचा डबा त्यांचाच. दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत होती. ती मावशींच्या यजमानांनी बांधली, आणि काकांनी कुणी न सांगता एका सुट्टीच्या दिवशी साखळी लावून मोजली. भिंत एक वीत आपल्यात आली आहे, असा निष्कर्ष निघाला. यजमान म्हणाले, मग उचलून मागं ठेवा. भिंत हलली नाही, बोलणं बंद झालं. याला बारा वर्षं झाली होती. यजमान वारले तेव्हा काका खांदा द्यायला गेले, पण वीत सोडली नाही. भिंतीवरून डबा द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. काकांच्या मते वादाच्या हद्दीवरून देवाणघेवाण झाली की समोरच्याचा ताबा सिद्ध होतो. म्हणून डबा गल्लीला वळसा घालून रस्त्याने यायचा आणि वरण निवायचं. मावशीही कमी नव्हत्या. काका अंगणात असले की त्या भिंतीलगत पापड वाळत घालायच्या आणि एक कडा मुद्दाम आमच्या बाजूला सोडायच्या.

बारावीच्या वर्षी संक्रांतीनंतर काका एका पाटात घसरून पडले आणि पायाला प्लॅस्टर आलं. पडून राहतील तर काका कसले. त्यांनी नकाशा पलंगाजवळ लावून घेतला. अकरा गट राहिले होते आणि त्यातल्या चारांत प्लॉटचे दगड रोवून झाले होते. शहर पुढे सरकत होतं, आणि आपल्याला हवं ते रान आपण पोचायच्या आत सिमेंटखाली जाणार, ही भीती त्यांच्या बोलण्यात दिसायला लागली. प्लॅस्टर काढायच्या आधीच सायकलवर जायचा बेत त्यांनी मला सांगितला. साठी ओलांडलेला माणूस, घरात दुसरं कुणी नाही. मी रागावले, पण ते पालथ्या घड्यावर पाणी होतं.

त्याच आठवड्यात मला ताप आला. उतरला, पण तोंडाची चव गेली. मी डबा आणायला मावशींकडे गेले तर त्यांनी मला स्वयंपाकघरातच बसवलं आणि पानात एक फोड वाढली, म्हणाल्या खा, चव येईल. मी खाल्ली आणि हात थांबला. आंबट, तिखट, मागून किंचित गोड. दीड वर्षात तीसेक गटांचे कांदे खाऊन माझी जीभ नको तितकी तयार झाली होती. हे मी चाखलेल्या बरण्यांतलं एकही नव्हतं. मी विचारलं, हे कुठून आणलं?

"आणतीय कशाला? घरचंच हाय," मावशी म्हणाल्या, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून चुलीपुढे बसल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. काकू शिवारात कधी गेल्याच नव्हत्या. बुधवारी काका मोजणीला बाहेरगावी असत. काकू पिशवी घेऊन निघायच्या, मागच्या बोळातून मावशींकडे यायच्या आणि दोघी मिळून दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये जाऊन बसायच्या. घरी कांद्याचं कारण सांगितलेलं असायचं. मग कांदे दाखवायला नकोत का? म्हणून मावशी आपल्या बरणीतलं लोणचं काढून द्यायच्या. कांदे रविवारच्या बाजारातले. वर चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा, जो काकांच्या वहीत कुठेच नव्हता. कारण काकूंनी ते लोणचं आयुष्यात घातलं नव्हतं, आणि वहीतली ग्रॅममधली कृती त्यांनी आजारात पडल्या-पडल्या रचून सांगितली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो आमच्या घरात चार वर्षं चालला होता.

मला हसू आवरेना, आणि मग एकदम भीती वाटली. हे त्यांना सांगायचं कसं? सांगितलं तर बायको तीस वर्षं खोटं बोलली, एवढंच त्यांच्या हाती उरलं असतं. नाही सांगितलं तर ते प्लॅस्टर घेऊन सायकलवर बसले असते. मावशींचीही पंचाईत होती. कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी काकूंना दिला होता. पण शब्द पाळताना त्या माणसाचा पाय मोडला, तेव्हा आता तू सांग, असं त्या म्हणाल्या. स्वतः मात्र त्यांच्याशी बोलणार नव्हत्या. देवणीच्या मैत्रिणीला विचारलं तर तिने पुस्तकातून डोकं न काढता सांगितलं, की थिअरी चुकली असेल तर सांगावंच लागतं. तिचं बरं होतं, तिला काका एवढे आवडत नव्हते. मी तीन दिवस अभ्यास केला नाही.

रविवारी अकरा वाजता व्हरांड्यात चाखणी मांडली. काका खुर्चीत, पाय स्टुलावर, वही मांडीवर. आमच्या दोन नंबरांनंतर मी पदराआडून काढल्यासारखी ओढणीआडून वाटी काढली आणि त्यांच्या भाकरीवर एक फोड ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले. मान हलली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भिंतीपलीकडे मावशी पापड घालायच्या थांबल्या होत्या. काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही, आणि चाचपडत पेन्सिल उचलली.

"गट नंबर?"

मी हात भिंतीकडे केला.

मग सांगितलं. बुधवार सांगितला, बोळ सांगितला, बाजारचे कांदे सांगितले, कृतीचंही सांगितलं. काका ऐकत होते आणि एकेक बरणीकडे बघत होते, उगवतीपासून मावळतीपर्यंत. मला वाटलं, आता ते वही फेकतील, किंवा त्यांना काहीतरी होईल. त्यांनी वही मिटली आणि कंबरेतून वळून भिंतीकडे पाहिलं. बारा वर्षांनी ते त्या घराशी बोलले.

"पिक्चर आवडायचे का तिला?"

मावशींनी पदर सावरला. त्यांना वाटलं होतं भांडण होईल, त्या तयारीनेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लई आवडायचे. सुरू झाला की रडायच्या. इंटरवलला भजी खायच्या, आन् पुन्हा रडायच्या."

काकांनी पेन्सिल वहीत ठेवून दिली. मग, मला ऐकू यावं की नाही अशा आवाजात म्हणाले, "माझ्या घरात तीस वरसं ती कदी रडली न्हाई. मला वाटायचं, सुखात हाय."

हे सांगून मी मोठीच चूक केली असं मला वाटायला लागलं होतं. मावशी भिंतीला हात टेकून जरा पुढे वाकल्या.

"सुखातच हुत्या की," त्या म्हणाल्या. "घरात रडायला कायबी न्हवतं, म्हनून तर तिकीट काढून जावं लागायचं."